ग्रॅहॅम ग्रीनचे पाद्री आणि राज्यसत्ता

आपणांस ‘कॅथॉलिक कादंबरीकार’ म्हणावे, हे ग्रॅहॅम ग्रीन यास कधीच रुचले नाही. आपण कादंबरीकार आहोत आणि त्यातून कॅथॉलिकही आहोत, एवढेच तो कबूल करी. हा भेद वरवर पाहता शब्दच्छल वाटतो. परंतु त्यात तथ्य आहे. संप्रदायाच्या सोयीसाठी लिहिणारा लेखक आपल्या पाद्र्यांस सद्गुणी आणि त्यांच्या वैऱ्यांस दुष्ट रंगवितो. ग्रीनने बहुधा उलट केले. त्याचे पाद्री दारुडे, भित्रे, व्रतभ्रष्ट अथवा बंडखोर आहेत. आणि त्यांचा पाठलाग करणारी माणसे काही वेळा त्यांच्याहून सच्छील आहेत. अशा पाद्र्यास राज्यसत्तेसमोर उभा करून ‘आता तू काय करणार?’ असा प्रश्न त्याने चाळीसबेचाळीस वर्षे निरनिराळ्या देशांत विचारला. त्या प्रश्नाचा तेवढा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे. ग्रीनच्या हेरकथा, त्याची विनोदी पुस्तके, त्याचे प्रवास यांविषयी पुष्कळ लिहिता येईल. पण ते पुन्हा केव्हातरी.

धर्मनिष्ठाने राजकारणात पडावे की न पडावे, हा वाद महाराष्ट्रास परका नाही. समर्थांनी हरिकथेच्या पाठोपाठ राजकारणास जागा दिली. न्यायमूर्ती रानड्यांना संतांच्या कार्यात मराठ्यांच्या उदयाची पूर्वतयारी दिसली. राजवाड्यांना त्याच संतांच्या शिकवणुकीत राष्ट्रास पंगू करणारी विरक्ती दिसली. रानडे आणि राजवाडे यांचे एवढे विरुद्ध निर्णय असूनही एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते, ते असे की, संतांच्या धर्माची किंमत त्याच्या राजकीय फळावरून करावी. ग्रीनचा पहिला पाद्री नेमकी हीच गोष्ट नाकारतो. त्याचे म्हणणे आपणांस पटो वा न पटो, ते ऐकून घेण्यासारखे आहे खास.

ग्रीनने १९२६ साली कॅथॉलिक पंथाची दीक्षा घेतली, ती प्रथम विवाहाच्या निमित्ताने. धर्म बुद्धीने पटला होता; तो हृदयास भिडला १९३८ साली मेक्सिकोत, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्या देशाची त्या काळची स्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेने चर्चची मालमत्ता, शाळा आणि पाद्र्यांचे नागरी हक्क यांवर कडक निर्बंध घातले. १९२६ साली अध्यक्ष कायेस यांनी त्या निर्बंधांची कठोर अंमलबजावणी आरंभिली, तेव्हा मध्य व पश्चिम मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी शस्त्रे उचलली. ‘क्रिस्तेरो’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे बंड १९२९ पर्यंत चालले. दक्षिणेकडील ताबास्को प्रांतात तर गारिदो कानाबाल या गव्हर्नरने देवळे पाडली, पाद्र्यांनी लग्न केल्यावाचून धर्मकृत्य करू नये असा कायदा केला, आणि त्याबरोबर दारूबंदीही केली. हे शेवटचे कलम विसरून चालणार नाही. गारिदो हा केवळ राक्षस नव्हता. त्यास लोकांचे भले करावयाचे होते, आणि ते तो त्यांच्या पाठीवर बसून करीत होता. ग्रीन तेथे पोहोचला तेव्हा गारिदोची सत्ता गेली होती, परंतु ओसाड देवळे तशीच होती. या प्रवासातून १९३९ साली ‘द लॉलेस रोड्स’ हे प्रवासवर्णन आणि १९४० साली ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ ही कादंबरी निर्माण झाली. प्रवासवर्णन चिडखोर आहे. कादंबरी मात्र न्यायी आहे. एकाच माणसाने एकाच प्रवासावर लिहिलेल्या दोन पुस्तकांत इतके अंतर क्वचितच आढळते.

कादंबरीचे कथानक सोपे आहे. प्रांतातील सारे पाद्री पळाले, मारले गेले, अथवा बायको करून सरकारी निवृत्तिवेतनावर जगू लागले. एकच उरला आहे. त्यास ग्रीनने नाव दिलेले नाही. तो दारू पितो. ब्रह्मचर्यव्रत मोडून त्यास एक मुलगी झाली आहे. आपण धर्मास लांच्छन आहोत, हे त्यास पुरते ठाऊक आहे. त्याच्या मागावर असलेल्या लेफ्टनंटलाही नाव नाही. हा लेफ्टनंट निर्व्यसनी, निःस्पृह आणि एकाकी आहे. त्याची खोली एखाद्या यतीच्या मठीसारखी आहे. लहानपणी पाहिलेले चर्चचे द्रव्यलोभी रूप तो विसरलेला नाही, आणि पुढच्या पिढीस उपासमार व भाबडेपणा या दोहोंतून सोडवावे एवढीच त्याची इच्छा आहे. आम्ही ही कादंबरी वर्गात अनेक वर्षे शिकविली. दर वर्षी निम्म्याहून अधिक विद्यार्थी लेफ्टनंटच्या बाजूने मत देतात, आणि त्यात आम्हांस कधीच वावगे वाटले नाही. ग्रीनने ती बाजू तितक्या प्रामाणिकपणे मांडली आहे.

पाद्री अखेर पकडला जातो. पावसाने दोघांस एका झोपडीत अडकवून ठेवले आहे; तेथे त्यांचा जो संवाद होतो, तो या पुस्तकाचा वैचारिक गाभा होय. लेफ्टनंटच्या आरोपांपैकी बहुतेक पाद्री मान्यच करतो. चर्चने गरिबांकडून घेतले आणि त्यांस दिले थोडे, हेही तो नाकारीत नाही. मात्र तो एक भेद दाखवितो. त्याचा मथितार्थ असा की, तुमचे राज्य चांगल्या माणसांवर उभे आहे. तुमच्या पक्षात नेहमीच तुमच्यासारखी माणसे निपजतील असे नाही, आणि ती न निपजली की भूक, मारहाण आणि लाचखोरी परत आलीच. माझे तसे नाही. मी भित्रा असलो, पापी असलो, तरी माझ्या हातून दिला गेलेला ख्रिस्तप्रसाद खोटा ठरत नाही. चौथ्या शतकात आफ्रिकेतील दोनातुसच्या अनुयायांनी, भ्रष्ट पाद्र्याने केलेले संस्कार निष्फळ होत, असे म्हटले होते. संत ऑगस्टिनने त्यांचे खंडन केले. ग्रीनने तो जुना शास्त्रार्थ एका दारुड्याच्या तोंडी घालून जिवंत केला आहे. शास्त्रातील कोरडा सिद्धांत माणसाच्या तोंडून असा निघावा की ऐकणाऱ्याचा घसा दाटावा, हे कादंबरीकाराचेच काम, तर्कशास्त्र्याचे नव्हे.

पण येथेच आम्हांस एक शंका येते. पाद्र्याचा युक्तिवाद लेफ्टनंटला निरुत्तर करतो खरा. तथापि लेफ्टनंटने विचारलेला प्रश्न संस्कारांच्या शुद्धतेविषयी नव्हताच. त्याचा प्रश्न मुलांच्या भुकेविषयी होता. पाद्र्याचे हात अपवित्र असले तरी प्रसाद पवित्र, हे मान्य केले, म्हणून भुकेल्या मुलाचे काय? पाद्री या प्रश्नाला दारिद्र्याच्या पुण्याईचे उत्तर देतो: गरिबांस सुखी करण्याच्या नादात त्यांस श्रीमंतांची अधोगती का द्यावी, अशा अर्थाचे. हे उत्तर दुबळे आहे. स्वतः उपाशी राहिलेल्या माणसाच्या तोंडी असल्यामुळे ते आपण ऐकून घेतो इतकेच. चरितार्थाची ददात नसलेल्या एखाद्या बिशपाच्या तोंडून निघाले असते, तर वाचकाने पुस्तक मिटले असते.

या तात्त्विक संवादापेक्षा कादंबरीतील एक निराळा प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. पाद्री हाती लागत नाही, म्हणून लेफ्टनंट गावोगाव ओलीस धरतो. ज्या गावाने पाद्र्यास आश्रय दिला आणि कळविले नाही, त्या गावचा माणूस गोळीने मरणार. पाद्री आपल्या मुलीच्या गावी येतो, पहाटे घाईने मिस्सा म्हणतो, तोच शिपाई येतात. सारे गाव रांगेत उभे केले जाते; पाद्रीही त्याच रांगेत, शेतकऱ्याच्या वेषात. कोणीही बोलत नाही. लेफ्टनंट मिगेल नावाच्या एका तरुणास बांधतो. पाद्री पुढे होऊन म्हणतो की, याच्या ऐवजी मला न्या. पण आपण कोण हे सांगत नाही, आणि लेफ्टनंट त्यास आळशी म्हातारा समजून हाकलतो. शिपाई गेल्यावर गावकरी त्यास दूषण देत नाहीत. फक्त तू आता येथून जा, असे सुचवितात. त्यांनी त्यास वाचविले आणि आता त्यांस तो नकोसा झाला आहे.

या दोन-चार पृष्ठांत धर्म आणि राजकारण यांचा सारा पेच आहे, असे आमचे मत आहे. पाद्र्याने राजकारणात भाग घ्यावा की न घ्यावा, असा प्रश्न येथे उरतच नाही. त्याने कोणत्याही पक्षाचे नाव घेतलेले नाही, शस्त्र धरलेले नाही, सरकारविरुद्ध अवाक्षर काढलेले नाही. तो केवळ आपले नित्यकर्म करीत आहे. तरी त्याच्या नित्यकर्माची किंमत एका तरुण शेतकऱ्याच्या प्राणाने मोजली जात आहे. तो थांबला तर माणसे मरतात. गेला तर समुद्रापासून डोंगरापर्यंतच्या त्या मुलखात देव देणारे कोणी उरत नाही. आपण राहणे हे कर्तव्य की गर्व, हे त्यास ठरविता येत नाही, आणि ग्रीनही ठरवून देत नाही. पुढे तुरुंगाच्या आवारात तो मिगेलला पुन्हा पाहतो. मार खाऊन त्याची दशा झालेली आहे. त्याच तुरुंगात पाद्र्याने एक रात्र गुन्हेगारांच्या गर्दीत काढली. आपण पाद्री असल्याचे त्याने अंधारात सांगून टाकले. डोक्यावर बक्षीस लागलेले असता कोणी चहाडी केली नाही. सकाळी लेफ्टनंट त्यास न ओळखता सोडून देतो आणि वर पाच पेसोंचे नाणे हाती देतो. लेफ्टनंट चांगला माणूस आहे, हे पाद्र्याच्या तोंडून आपण ऐकतो ते येथे. त्या नाण्यासाठी आम्हांस लेफ्टनंटविषयी कायमचा आदर वाटत आला आहे. आणि तोच हात मिगेलला बांधतो, हे विसरताही येत नाही. जो माणूस मुलांच्या सुखासाठी राज्य करतो, तो त्याच मुलांच्या बापांस भिंतीपाशी उभे करतो. ग्रीनने यावर भाष्य केलेले नाही, हे फार चांगले केले.

रोममधील धर्माधिकाऱ्यांना हे पुस्तक पचले नाही, याचे नवल नाही. १९५३ साली तेथील ‘होली ऑफिस’ या संस्थेने त्यावर आक्षेप घेतला आणि पुढील वर्षी वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल ग्रिफिन यांच्यामार्फत ग्रीनला दुरुस्त्या करण्यास सांगण्यात आले. प्रकाशनाचे हक्क आपल्याकडे नाहीत, या सबबीवर त्याने ते टाळले. प्रकरण तेवढ्यावरच राहिले. त्या वेळी व्हॅटिकनमध्ये ज्या मोन्सिन्योर मोन्तिनींनी पुस्तकाच्या बाजूने शब्द टाकला, तेच पुढे पोप सहावे पॉल झाले. १९६५ साली ग्रीन त्यांच्या भेटीस गेला तेव्हा, तुमच्या लेखनातील काही भाग काही कॅथॉलिकांस नेहमीच खुपेल, तिकडे लक्ष देऊ नका, असा सल्ला त्यांनी दिला. आम्हांस या हकीकतीत मौज वाटते ती अशी की, आक्षेप पाद्र्याच्या दारूवर आणि व्यभिचारावर घेतला गेला. मिगेलच्या प्राणाचा हिशेब कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

ग्रीनच्या चित्रातून एक मोठी गोष्ट गळाली आहे. मेक्सिकोत त्याच दशकात हजारो कॅथॉलिकांनी ख्रिस्ताच्या नावाने बंदुका उचलल्या होत्या. क्रिस्तेरो बंडाचा मुख्य भर ताबास्कोत नव्हता, हे खरे; तरीही कादंबरीत त्यांची सावलीही पडू नये, हे योगायोगाने झाले असे वाटत नाही. शस्त्रधारी श्रद्धाळूंना कथेत जागा दिली असती, तर पाद्र्याचे निःशस्त्र मरण इतके निर्मळ दिसले नसते. पुढे २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या छळात मारल्या गेलेल्या पंचवीस मेक्सिकन कॅथॉलिकांस संतपद दिले, तेव्हाही निवड शस्त्र न धरलेल्यांचीच झाली, आणि त्यांतले बहुतेक पाद्री होते. चर्चने आणि कादंबरीकाराने एकच गाळणी वापरली. चर्चचे समजू शकते. कादंबरीकारास ती परवडावयास नको होती.

ही उणीव ग्रीनच्या स्वतःच्याही ध्यानात आली असावी. १९६६ च्या ‘द कॉमेडियन्स’मध्ये त्याने हैतीतील दुवालिएच्या जुलमी राजवटीचे चित्र काढले. तेथे डॉक्टर माजिओ हा कम्युनिस्ट, नायकास लिहिलेल्या शेवटच्या पत्रात, कॅथॉलिक आणि कम्युनिस्ट या दोघांनीही घोर अपराध केले असले तरी ते काठावर उभे राहून हात धुणाऱ्यांतले नव्हेत, असे सांगतो. पिलातच्या धुतलेल्या हातांपेक्षा रक्ताने माखलेले हात बरे, असा त्याचा भाव. वाक्य भारदस्त आहे, पण घातकही आहे. उदासीनता हे पाप, एवढे मान्य करताच कोणतीही कृती पुण्य ठरत नाही. दुवालिएने मात्र पुस्तकास फारच मोठे प्रशस्तिपत्र दिले: १९६८ साली आपल्या सरकारकडून ग्रीनच्या निषेधार्थ एक सबंध पुस्तिका छापविली.

माजिओच्या त्या वाक्याची खरी कसोटी ग्रीनने सात वर्षांनी ‘द ऑनररी कॉन्सुल’ या कादंबरीत लावली, आणि आमच्या मते ती त्याची सर्वांत विचारगर्भ राजकीय कादंबरी होय. दरम्यान जग पुष्कळ बदलले होते. कोलंबियातील कामिलो तोर्रेस हा पाद्री गनिमांत जाऊन १९६६ साली चकमकीत पडला होता. १९६८ साली मेदेयिन येथे लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी गरिबांच्या बाजूने ठराव केले होते, आणि १९७१ साली पेरूचे पाद्री गुस्ताव्हो गुतिएर्रेस यांचा मुक्तीच्या धर्मविचारावरील ग्रंथ निघाला होता. ग्रीनचा नवा पाद्री लेओन रिवास हा या वाऱ्यावर आलेला आहे. तो पराग्वेतील धनिक वकिलाचा मुलगा. गरिबांच्या वस्तीत शुभवर्तमान सांगत असता तिकडे आर्चबिशप हुकूमशहाच्या पंक्तीस बसून उंची मासळी आणि फ्रेंच मद्य सेवीत आहेत, हे त्यास सहन झाले नाही. त्याने पाद्रीपण टाकले, मार्ता नावाच्या स्त्रीशी लग्न केले आणि बंडखोरांस जाऊन मिळाला. अर्जेंटिनाच्या उत्तरेस पाराना नदीकाठच्या एका गावी तो अमेरिकन राजदूतास पळविण्याचा बेत करतो. माणसे चुकतात, आणि हाती लागतो चार्ली फोर्टनम हा म्हातारा, दारुडा, कवडीमोलाचा इंग्रज मानद वकील, ज्याच्यासाठी इंग्रज सरकारही फारशी हालचाल करावयास तयार नाही.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, ओलिसाचा प्रसंग येथे परत आला आहे; पण भूमिका उलट झाल्या आहेत. पहिल्या कादंबरीत ओलीस सरकार धरते आणि पाद्री त्या पापाने तळमळतो. येथे ओलीस पाद्रीच धरतो. राजबंदी सुटले नाहीत तर फोर्टनमला गोळी घालावी लागेल, आणि ती आज्ञा देणारा मनुष्य एके काळी मिस्सा म्हणत असे. लेओन दुष्ट नाही. तो कळवळ्याचा माणूस आहे. तरीही या कळवळ्याने त्यास कोठवर नेले, हे ग्रीन निष्ठुरपणे दाखवितो. त्याचा शाळूसोबती डॉक्टर प्लार याने मदत करावी म्हणून, त्याच्या बंदिवान बापाची सुटका मागितली आहे असे त्यास भासविले जाते. तो बाप केव्हाच मेलेला असतो. हे लेओनला ठाऊक आहे. गरिबांच्या देवासाठी तो मित्राशी खोटे बोलतो. आम्हांस वाटते, लेओनचे पतन त्याने पाद्र्याचा झगा टाकला तेव्हा झालेले नाही, की मार्ताशी लग्न केले तेव्हाही नाही. ते या एका लबाडीत आहे.

वेढा पडलेल्या झोपडीतील शेवटच्या रात्री लेओन आपले नवे तत्त्वज्ञान सांगतो: देवालाही दिवसाप्रमाणे रात्रीची बाजू आहे, माणसाबरोबर देवही वाईटातून चांगल्याकडे हळूहळू चालला आहे. काही समीक्षकांनी यास मोठे महत्त्व दिले आहे. आम्हांस ते एका थकलेल्या माणसाने स्वतःची केलेली समजूत वाटते. त्याहून सत्य आहे ती मार्ताची साधी मागणी. मरण्यापूर्वी एकदा मिस्सा म्हण, असा हट्ट ती धरते. नवरा म्हणून ती त्याच्यावर प्रेम करते. पण त्या रात्री तिला हवा आहे तो पाद्री. लेओन कचरत कचरत मिस्सा म्हणतो. राजकारणाने जे हिरावून नेले ते एका अडाणी बाईने क्षणभर परत आणले. सकाळी डॉक्टर प्लार बोलणी करावयास बाहेर पडतो आणि सैनिक त्यास गोळी घालतात. लेओन त्याच्याकडे धाव घेतो आणि तोही पडतो. धावला तो पुन्हा एका मरणाऱ्या माणसाकडेच. मेक्सिकोतील पाद्रीही सीमेपलीकडे सुरक्षित पोहोचल्यावर, सापळा आहे हे ओळखूनही, एका मरणोन्मुख खुन्याचे पापनिवेदन ऐकण्यासाठी परत फिरला होता. तेहेतीस वर्षांच्या अंतराने ग्रीनचे दोन अगदी भिन्न पाद्री एकाच रीतीने मरतात.

आणि येथेच आमचा ग्रीनवरचा मुख्य आक्षेप आहे. त्याचे पाद्री वेळेवर मरतात. राजकारणाचा खरा त्रास जिवंत राहणाऱ्यास असतो: कर किती बसवावा, शाळेत काय शिकवावे, कालचा तुरुंगाधिकारी आज नोकरीत ठेवावा की काढावा. हौतात्म्य हे महत्त्वाचे आहे, पण त्यात हे प्रश्न सुटत नाहीत; ते त्या माणसापुरते बंद होतात. तिसरा पाद्री, म्हणजे जो मरत नाही आणि मारीतही नाही, जो कचेरीत बसून कागदांवर सह्या करतो, तो ग्रीनने रंगविला नाही. त्यास नमुना मिळाला नसता असेही नाही. निकाराग्वाचे कवी आणि पाद्री एर्नेस्तो कार्देनाल १९७९ च्या क्रांतीनंतर संस्कृतिमंत्री झाले. १९८३ साली मानाग्वाच्या विमानतळावर ते गुडघे टेकून बसले असता पोप दुसरे जॉन पॉल यांनी बोट उगारून त्यांस जाहीरपणे दटाविले. त्याच वर्षीच्या नव्या धर्मसंहितेने पाद्र्यांस राज्यसत्तेत भागी असलेली पदे स्वीकारण्याची मनाई केली आहे. कार्देनाल यांस धर्मकृत्यांची बंदी झाली. ती पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली, म्हणजे ते चौऱ्याण्णव वर्षांचे झाल्यावर उठविली, आणि २०२० साली ते वारले. ग्रीन स्वतः उतारवयात निकाराग्वास गेला होता, त्या क्रांतीचा त्याने उघड पुरस्कार केला, आणि तिचा पक्ष १९९० च्या निवडणुकीत हरला हेही त्याने जिवंतपणी पाहिले. एवढे सारे डोळ्यांपुढे घडले असता त्याने मंत्रिपदावरील पाद्र्याची कादंबरी लिहिली नाही. शेजारच्या एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप ओस्कार रोमेरो १९८० साली मिस्सा म्हणत असता मारले गेले. ती कथा ग्रीनच्या साच्यात चपखल बसली असती. कार्देनालांची बसत नव्हती.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथॉलिक पाद्र्यास द्यावे काय, यावर जो गदारोळ झाला तो अनेकांच्या स्मरणात असेल. या गृहस्थांनी हरित वसईच्या चळवळीत जमिनीच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर लोकांस उभे केले, ‘सुवार्ता’ मासिक चालविले आणि २०२४ साली निधन होईपर्यंत वसईच्या त्याच मातीशी नाते राखले. हे राजकारण होते की धर्मकार्य, हे सांगणे कठीण. आणि ते ठरविण्याची वसईकरांस निकड भासली असेल असे वाटत नाही. ग्रीनच्या सबंध जगात असा पाद्री नाही. ग्रीनच्या कादंबऱ्यांतील राजकारण आणि धर्म याच विषयावर गोव्याच्या मारिया कुतो यांनी १९८८ साली एक स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला. जिज्ञासू वाचकांनी तो अवश्य पाहावा. ज्या भूमीत क्रूस आणि राज्यसत्ता शतकानुशतके एकाच जहाजातून उतरल्या, तेथील लेखिकेस हा विषय सुचावा हे स्वाभाविकच होते.

ग्रीनची या विषयावरील शेवटची कादंबरी १९८२ ची ‘मोन्सिन्योर किहोते’. ही लहानशी, हसरी, थोडी पसरट गोष्ट आहे. एल तोबोसो गावचा भोळा पाद्री आणि त्याच गावचा कम्युनिस्ट महापौर हे फ्रँकोनंतरच्या स्पेनमध्ये एका जुन्या मोटारीतून भटकतात, दारू पितात आणि एकमेकांच्या शंकांवर प्रेम करू लागतात. श्रद्धेपेक्षा शंका माणसांस अधिक जवळ आणते, हा विचार ग्रीनने येथे फार गोडीने मांडला आहे. एका गावच्या उत्सवात कुमारी मरियेच्या मूर्तीवर श्रीमंतांनी नोटा चिकटविलेल्या पाहून म्हातारा मोन्सिन्योर खवळतो आणि मिरवणूक अडवितो. त्याच्या हातून घडलेली खरी राजकीय कृती एवढी एकच. अखेर ओसेराच्या मठात, जखमी आणि अर्धवट शुद्धीत, तो भाकरीवाचून, द्राक्षारसावाचून मिस्सा म्हणतो, आणि कम्युनिस्ट मित्राच्या जिभेवर रिकाम्या बोटांनी प्रसाद ठेवतो. मित्र तोंड उघडतो. पहिल्या कादंबरीतल्या पाद्र्याने लेफ्टनंटला जे सांगितले होते, त्याची ही परमावधी होय. आणि ग्रीनची शैली येथे पुन्हा जुन्या तेजाने चमकते.

तरी हा प्रसंग पुन्हा वाचताना एक बारीक गोष्ट आमच्या मनात घोळत राहते. या दोघांची गाढ मैत्री जमते ती मोटार गावाबाहेर पडल्यानंतर. त्या वेळी महापौर निवडणुकीत पडलेला असतो, आणि पुढे बिशप मोन्सिन्योरलाही धर्मकृत्यांची मनाई करतो. एक अधिकारावरून उतरला आहे, दुसरा उतरविला जात आहे. सांचो महापौर होता तेव्हा एल तोबोसोच्या चर्चवर त्याने कर बसविला होता काय, शाळेतला क्रूस काढला होता काय, आणि काढला असेल तर मोन्सिन्योरने त्या दिवशी त्यास दारात उभे केले असते काय, याविषयी ग्रीन चकार शब्द काढीत नाही.